केरबाचं पान

“तुझा आज्जा मेलाय, पोरी,” बसाप्पा हेळवी म्हणाले आणि मांडीवरची लांबडी वही त्यांनी माझ्याकडं फिरवली.

मला हसूच आलं. तासाभरापूर्वीच चहात साखर कमी पडली म्हणून आज्जानं मला फैलावर घेतलं होतं.

“कोण म्हणतं मेलाय?”

“वही म्हणतीया.”

गावाबाहेर मरगुबाईच्या देवळामागं, चिंचेखाली त्यांचा तळ पडला होता. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. सुगी संपली की आमच्या गडहिंग्लजकडच्या गावांतून ते बैलावर बसून, घंटा वाजवत येतात. दारात बैल उभा करून त्या घराचा वंश मूळपुरुषापासून गाऊन सांगतात. नवं मूल जन्मलं असेल तर वहीत चढवतात, कुणी गेलं असेल तर त्याच्या नावाखाली आडवी रेघ मारतात, आणि सुपातून मिळेल ते धान्य घेऊन पुढच्या दाराला जातात. ज्याला आपल्या खापरपणजोबाचं नाव ठाऊक नाही, त्याला ते हेळव्याकडून कळतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, अकरावीत, आणि अंगात इतिहासाचं वारं शिरलेलं. कॉलेजच्या हस्तलिखितासाठी ‘आमचं घराणं’ असा लेख मी अंगावर घेतला होता. ड्रॉइंगच्या कागदावर इंगवल्यांचं झाड काढलं होतं आणि त्यात सगळ्यात मोकळी फांदी होती ती घरातल्याच माणसाची, आज्जाची. त्याला काही विचारावं तर तो अंगाला तेल लावल्यासारखा निसटायचा. “आज्जा, लहानपणी मुंबईला कुठं राहत होतास?” “खोलीत.” “कुणाजवळ?” “माणसांजवळ.” पुढं विचारलं की त्याला एकदम म्हशीला पाणी दाखवायची आठवण यायची.

म्हणून मी ही शक्कल लढवली होती. दिलीपदादाच्या मुलाचं बारसं होतं. घरात कुणालाही न सांगता मी आदल्या दिवशी तळावर जाऊन बसाप्पांच्या हातात नारळ-सुपारी ठेवली होती. बारशाला दारात हेळवी उभा राहिला म्हणजे आज्जा कसा खूश होईल, आणि माझ्या लेखाचंही काम होईल, असा दुहेरी हिशोब. आमच्या दारात हेळव्यानं वंश गायल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ते आले की आज्जी बाहेरच्या फाटकावरच इतरांच्या दुप्पट धान्य घालायची आणि बोळवण करायची. आज्जा नेमका तेव्हा रानात असायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना हौसच नाही.

बारशाच्या सकाळी वेळ सांगायला म्हणून गेले, तर बसाप्पा आमचं पान उघडून बसले होते.

मी वाचलं. अक्षर ठसठशीत होतं, बाळबोध. ‘केरबा शिवबा इंगवले. दहाव्या वर्षी मुंबईस गेला. शके १८६६, गोदीच्या आगीत मयत. लग्न नाही, वारस नाही. पाती संपली.’ आणि खाली आडवी रेघ. म्हणजे १९४४ सालातच घराण्यातली आमची फांदी संपली होती.

“हे चुकलंय मामा.”

“आमच्या वहीत चूक नसती.”

“अहो, केरबा इंगवले माझा आज्जा. सत्तर वर्षांचा आहे. आत्ता ह्या घडीला गोठ्यात बसलाय.”

बसाप्पांनी चष्मा काढला. साठी उलटलेला काटक माणूस, पांढरा पटका, कपाळाला भस्म. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझं हसू तोंडातच राहिलं.

“मग गोठ्यात बसलाय त्यो कोण?”

चिंचेखाली त्यांचा बैल रवंथ करत होता. मी नुसतीच त्याच्या शिंगांकडं बघत राहिले.

“हे माझ्या थोरल्या भावाचं अक्षर हाय,” बसाप्पा हळू म्हणाले. “अण्णा चुकायचा न्हाई. आमच्या बानं वही त्याच्या हातात दिली ती त्यापायीच. पन्नास वर्सं झाली, तुमच्या घरानं आमाला दारात घेतलं न्हाई, आन् ज्या घरात बोलावणं न्हाई त्याचं पान उघडायची आमची रीत न्हाई. म्हणून मी बी आजच बघतोय.”

“मामा, मग तुम्ही येऊ नका. नाहीतर हे एवढं गाळा. मूळपुरुष सांगा, बाळाचं नाव चढवा आणि चला.”

“सुपारी घेतली की दारात यायलाच पायजे. बाळाच्या दारातनं हेळवी नाव न घेता परतला तर त्या बाळाला वाईट. आन् दारात आलो की वहीत हाय ते सांगायचं. वहीत न्हाई ते बोलायचं न्हाई, वहीत हाय ते गाळायचं न्हाई. तू शिकल्याली पोरगी हाईस. तूच सांग, मी एका घरासाठी खोटं बोललो तर बाकीच्या घरांनी माझं का ऐकावं?”

मी पाया पडले, रडले, काही उपयोग झाला नाही. “बारा वाजता येतो,” एवढंच ते म्हणाले.

नसती उठाठेव म्हणतात ती हीच. पाणंदीतून घराकडं पळताना माझ्या डोक्यात आज्जापेक्षा जास्त आनंदाकाका होते. आनंदाकाका म्हणजे इंगवल्यांची धाकटी पाती. त्यांच्या घरात दोन पिढ्या एकच तुणतुणं वाजत होतं: पणजी राजाक्का विधवा, तिचा एकुलता एक केरबा दहाव्या वर्षी मुंबईला गेलेला, तो परत आला नसता तर ओढ्याकडचं सहा एकर रान आणि राहतं घर आमच्याकडं आलं असतं. केरबा परत आला म्हणून नाही आलं. आणि आज त्याच आनंदाकाकांसमोर, सगळ्या गावासमोर हेळवी सांगणार होता, की केरबा परत आलाच नाही.

आणि त्याला मी बोलावलं होतं, नारळ देऊन.

घरी मांडव पडला होता. बाबा पाहुण्यांना पान-सुपारी देत होते. आत वहिनीभोवती बायकांचा कालवा चाललेला. आनंदाकाका सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या घोंगड्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, “काय उज्ज्वला, सकाळी सकाळी तळावर? हेळव्यानं काय सांगितलं आमच्या वंशाचं?” गावात कुणी शिंकलं तरी त्यांना कळायचं. मी “काही नाही” म्हणून थेट मागं गोठ्यात गेले.

आज्जा पाळण्याची दोरी वळत होता. नवी दोरी बाजारात मिळत होती, पण पतवंडाच्या पाळण्याला घरचीच पाहिजे, असा त्याचा हट्ट.

“आज्जा, मी हेळव्याला बोलावलंय.”

दोरी थांबली. “कुठल्या?”

“बसाप्पा.”

त्यानं दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं. ते सुटलं आणि सगळा पीळ उलगडून गेला. तो ते बघत बसला.

“आलाय त्यो? म्हातारा झाला असंल.”

“तू ओळखतोस त्यांना?”

“कवा येणार म्हणाला?”

“बारा वाजता. आज्जा, त्यांच्या वहीत लिहिलंय की केरबा इंगवले मुंबईत गोदीच्या आगीत मेला. लग्न नाही, वारस नाही, पाती संपली. आनंदाकाका पुढंच बसलेत. आज्जा, काहीतरी कर. फाटकावरनंच परत पाठव त्यांना. नाहीतर त्यांची वही चुकलीय म्हणून सगळ्यांना सांग. चुकलीयच ना?”

आज्जानं माझ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे बारीक, तपकिरी. सोळा वर्षं मी ते बघत आले होते.

“वहीत बरोबर हाय,” तो म्हणाला.

मी गव्हाणीच्या कठड्यावर बसले.

“मग तू कोण आहेस?”

“तुझा आज्जा.”

“ते नाही विचारत मी!”

“मला बी त्येवढंच ठाऊक हाय आता,” तो म्हणाला आणि दोरीला पुन्हा पीळ घालू लागला. पीळ काही बसत नव्हता. मला त्याचा राग आला, भीती वाटली, आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. आपल्याच घरात आपण कुणा परक्या माणसाच्या मांडीवर वाढलो, असं काहीतरी मनात आलं आणि त्या विचाराची मला लाज वाटली.

“आज्जीला माहीत आहे?”

तेवढ्यात पाणंदीत घंटा वाजली.

आज्जा उठला. मला वाटलं, मागच्या दारानं रानात जाईल, नेहमीसारखा. त्यानं खुंटीवरचा पटका घेतला, झटकला, डोक्याला बांधला आणि पुढच्या दारी गेला. मी त्याच्या मागून.

बसाप्पा बैलावरूनच मांडवात आले. हेळवी यजमानाच्या अंगणात बैलावरून उतरत नाही, ही त्यांची रीत. लोक सुपं आणून त्यांच्या झोळीत रिकामी करतात. बैलाच्या पाठीवर कवड्यांची झूल, शिंगांना गोंडे. सगळे उठून उभे राहिले. बाबा चकित होऊन माझ्याकडं बघायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, “अगोबाई, ह्येंच्या दारात हेळवी!” आज्जा खांबाला टेकून उभा राहिला, अर्धा सावलीत. आत वहिनीशेजारी बाळ मांडीवर घेऊन बसलेली आज्जी मला उंबऱ्यातून दिसत होती. तिनं घंटा ऐकली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

बसाप्पांनी वही उघडली, घंटा एकदा हलवली आणि गायला सुरुवात केली. चालीवर, अर्धं मराठी, अर्धं कानडी वळणाचं. मूळपुरुष हैबती, पाण्याच्या शोधात घाटावर आला. हैबतीचा संताजी, संताजीला दोन बायका, थोरली आजऱ्याकडची, धाकटी निपाणीकडची. संताजीचा मालोजी, मालोजीला पुत्र तीन. नावामागून नाव येत होतं. माणसं कान देऊन ऐकत होती. इंगवल्यांतले म्हातारे आपापल्या पणज्याचं नाव आलं की मान डोलवत होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी वही-पेन काढून भराभरा लिहून घेतलं असतं. त्या दिवशी मी नुसती पिढ्या मोजत होते. आठवी. नववी. दहावी.

“बाळोजीचा शिवबा,” बसाप्पांनी सूर लावला. “शिवबाची बायको राजाक्का, माहेर नेसरी. शिवबाला पुत्र एक...”

ते पान उलटायला थांबले. पान उलटताना त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर खांबाकडं गेली.

मी त्यांच्याकडंच बघत होते, म्हणून सांगू शकते. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ती गेली. हातातली घंटा खाली आली. ते आज्जाकडं बघत राहिले, इतका वेळ की लोक चुळबुळायला लागले.

“पुढं?” आनंदाकाका म्हणाले. “शिवबाचा पुत्र कोण?”

बसाप्पांनी वहीत पाहिलं. मग म्हणाले, “फुडचं पान कसरीनं खाल्लंय. अक्षर दिसत न्हाई.”

सकाळी ज्या माणसानं माझ्या रडण्याला भीक घातली नव्हती, तोच माणूस आता गावासमोर धडधडीत खोटं बोलत होता. का, ते मला कळेना, पण माझा जीव भांड्यात पडला. मी खांबाकडं बघून हसलेसुद्धा असेन.

“बघू ती वही,” आनंदाकाका उठले.

“हेळव्याच्या वहीला दुसऱ्याचा हात लागत न्हाई,” बसाप्पा म्हणाले. “कसरीनं खाल्लंय म्हटलं न्हवं? बाळाचं नाव सांगा, मी नव्या पानावर घेतो.”

“बसाप्पा,” आज्जा बोलला.

तो खांबापासून सुटून पुढं आला होता.

“कसर न्हाई लागल्याली. मी लिवलंय ते. वाच.”

“अण्णा, नगं,” बसाप्पा म्हणाले.

“आपल्या बानं काय सांगितलं हुतं? वहीत हाय ते गाळायचं न्हाई. माझ्यासाठी गाळणार व्हय? वाच.”

बसाप्पांनी मान हलवली. वाचलं नाही. तेव्हा आज्जानंच सुरुवात केली, वहीकडं न बघता, डोळे मिटून, त्याच चालीवर. सोळा वर्षांत मी त्याला देवळात भजनालासुद्धा गाताना ऐकलं नव्हतं. “शिवबाला पुत्र एक, केरबा. केरबा दहाव्या वर्सी मुंबईस गेला. शके अठराशे सहासष्ट, गोदीच्या आगीत मयत. लगीन न्हाई, वारस न्हाई. पाती संपली.”

बाबांच्या हातातलं पानाचं तबक कलंडलं आणि सुपाऱ्या गडगडत गेल्या. त्या कुणी उचलल्या नाहीत. बसाप्पा बैलावरून खाली उतरले. यजमानाच्या अंगणात. उतरले आणि आज्जाच्या पायांवर डोकं ठेवून म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसे रडायला लागले. “वही तळावर ठिवून गेलास, आट दीस वाट बघितली रं तुझी. बा हिरण्यकेशीत गळ टाकून तुला हुडकत हुता. मरूस्तवर तुला हुडकला त्यानं.”

आज्जा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं लोकांकडं पाहिलं आणि जे सांगायचं ते उभ्यानं सांगितलं. मी ते आजही शब्दाला शब्द सांगू शकते.

“वंश सांगायला ह्या दारात आलो, तवा राजाक्कानं मला बैलावरनं उतरवून आत बोलावलं. तिच्याजवळ एक कार्ड हुतं. म्हणाली, माझ्या केरबाचं आलंय, भावकीतल्या कुणाला दाखवलं न्हाई, तू वाच. सहा महिनं तिनं त्ये देव्हाऱ्यात ठिवलं हुतं, रोज हळद-कुकू लावून. मी वाचलं. केरबाच्या संगं काम करणाऱ्यानं लिवल्यालं. मी तिला सांगितलं. ती रडली न्हाई. पदर तोंडात कोंबला आन् म्हणाली, आज रडले तर उद्या भावकी मला रस्त्यावर काढंल. आधी वहीत खरं लिव, म्हणाली, माझ्या पोराचं मरण कुठंतरी लिवलं पायजे. मी लिवलं. मग म्हणाली, आता तू माझा हो.”

“आन् तू झालास?” आनंदाकाका ओरडले. “गावाच्या डोळ्यांत धूळ टाकून? गावानं ओळखलं कसं न्हाई तुला?”

“हेळव्याच्या तोंडाकडं कोण बघतंय, आनंदा? लोक आपलं नाव ऐकायला कान देत्यात. दोन महिन्यांनी केस कापून, टोपी घालून आलो, तर तुझाच बा मला स्टँडवरनं घेऊन आला. म्हणाला, केरबा, किती थोर झालास. दोन दिवसांसाठी ऱ्हाऊ म्हटलं हुतं. ती म्हातारी रोज माझ्या ताटात भाकरी वाढताना माझ्याकडं बघायची न्हाई, भाकरीकडं बघायची. मला जाववलं न्हाई. बाकी कुणाचं काय घेतलं न्हाई मी. पन्नास वर्सं ती जमीन कसली. पर वहीत खोटं लिवलं न्हाई. आज ह्या बाळाचं नाव खोट्या ओळीखाली जाऊ देणार न्हाई.”

“म्हणजे हेळवी,” आनंदाकाका म्हणाले. “झोळीतलं दाणं खाणारा. आमच्या घरात, आमच्या रानात. केरबाकाका म्हणून पाया पडत आलो तुझ्या मी. बघतो तुला.” जाताना त्यांनी घोंगडं पायानं लोटलं. त्यांच्यामागं दहा-बारा जण उठले. म्हातारे इंगवले मात्र बसून राहिले. त्यांच्यातला एक जण नुसता म्हणाला, “राजाक्का लई सोसल्याली बाई हुती.”

पुढं दावा झाला. सात वर्षं चालला आणि ओढ्याकडचं निम्मं रान गेलं. बाबा कितीतरी महिने आज्जाशी धड बोलले नाहीत. दादाच्या सासरच्यांनी वहिनीला माहेरी ठेवून घेण्याची भाषा केली. हे सगळं माझ्या एका नारळापायी झालं आणि ते मला कुणी बोलून दाखवलं नाही, म्हणून जास्त लागलं. पण त्या दुपारी अजून एक गोष्ट व्हायची होती.

बसाप्पांनी तोंड पुसलं, जमिनीवरच मांडी घातली आणि वही उघडली. ‘पाती संपली’च्या खाली बोटभर जागा कोरी होती. त्यांनी दौत काढली, टाक हातात घेतला. “वहीत खरं लिवायचं म्हणतोस न्हवं? मग समदं खरं लिवू. राजाक्कानं पोरगा पदरात घेतला. त्येचं नाव घरातल्या माणसानं उच्चारायला पायजे. मला ठाऊक हाय, पर मी ह्या घरचा न्हवं. नाव सांग.”

आज्जानं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पन्नास वर्षं जे नाव त्यानं स्वतःलासुद्धा हाक मारायला वापरलं नव्हतं, ते त्याच्या घशातून वर येईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी सांगेन. मला कुठं ठाऊक होतं? ड्रॉइंगचा एवढा मोठा कागद रंगवला होता मी, आणि माझ्या आज्जाचं नाव मला ठाऊक नव्हतं. बाबांनाही नव्हतं. मांडवात उरलेली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती आणि सांगणारं कुणी नव्हतं.

तेव्हा आज्जी उंबरा ओलांडून बाहेर आली. बाळ तिच्या कडेवर होतं.

आज्जीनं आयुष्यात कधी उखाणा घेतला नव्हता. लग्नात, डोहाळजेवणात, हळदी-कुंकवाला बायका आडव्या लागायच्या, “घ्या की नाव, म्हातारपणी कसली लाज?” ती हसून टाळायची, नाहीतर चुलीकडं निघून जायची. आम्ही तिला लाजाळू म्हणून चिडवायचो. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आज्जानं तिला सगळं सांगितलं होतं, हे तिनंच मला नंतर सांगितलं. केरबा हे मेलेल्या माणसाचं नाव होतं. आपल्या कुंकवाला ते लावायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं आणि खरं नाव घेता येत नव्हतं म्हणून पंचेचाळीस वर्षं घेतलंच नाही.

ती मांडवाच्या मधोमध उभी राहिली. पदर नीट केला. साठी ओलांडलेल्या त्या बाईच्या गालांवर लाली चढलेली मी त्या दिवशी पाहिली. खणखणीत आवाजात तिनं नाव घेतलं:

“बैलावरनं आला पाव्हणा, झाला माझा धनी,
निंगाप्पांचं नाव मी आजवर जपलं मनी.”

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलं नाही. आज्जा मटकन खाली बसला. पटक्याच्या शेवात तोंड लपवून तो हुंदके देऊ लागला. बसाप्पांनी टाक वहीवर टेकवला आणि पुन्हा उचलला.

“वैनी,” ते म्हणाले, “डोळ्यांत पाणी आलंय, लिवायला दिसंना. परत एकदा सांगा.”

आज्जीनं परत सांगितलं.